बाबांची पहिली फायनल

माझे बाबा क्रिकेटचे वेडे आहेत, आणि मागच्या वर्षापर्यंत त्यांनी एकही फायनल पूर्ण पाहिलेली नव्हती. हे मी ऑफिसात सांगितलं की जर्मन सहकारी विचारतात, का, घरी टीव्ही नव्हता? टीव्ही होता हो. आधी अँटेना, मग केबल, मग डिश, सगळं होतं. बाबांना बघू देत नव्हते.

सोलापूरला आमची एकच इमारत. खाली मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि वर आम्ही. मॅच बघायची ती काकांच्या हॉलमध्ये, सगळ्यांनी मिळून. बाबा शाळेत असताना कधीतरी रेडिओवर कॉमेंट्री चालू होती, बाबा दप्तर घेऊन घरात शिरले आणि आपली विकेट पडली. दुसऱ्या दिवशी परत शिरले, परत पडली. काकांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, की हा पनवती आहे. झालं! तेव्हापासून मॅच अटीतटीची झाली की काका तोंडाने काही बोलायचे नाहीत, नुसते बाबांकडे बघायचे. बाबा चष्मा सावरत उठायचे, चपला सरकवायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. आतून ओरडा आला की त्याच्या सुरावरून ओळखायचं, चौकार की विकेट. जिंकलो तर कोणीतरी पेढा घेऊन बाहेर यायचं. हरलो तर काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तू आत डोकावलास का रे?"

मला याचा लहानपणापासून भयंकर राग. आई म्हणायची, अगं, गंमत असते ती, तू कशाला एवढी चिडतेस. असेल गंमत. पण दर वेळी एकाच माणसाची कशी काय होते? आई जाऊन आता काही वर्षं झाली. बाबा अजून मॅचला खालीच जातात आणि अजून जिन्यात बसतात.

मागच्या वर्षी त्यांनी आमच्याकडे जर्मनीत नेकारसुल्मला यायचं ठरवलं. मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात काम करते, दरवाज्यांच्या आत ज्या वायरी असतात त्या माझ्या. नवरा सॉफ्टवेअरवाला, बहुतेक दिवस घरूनच काम करतो. व्हिसा आला त्या दिवशी बाबांचा फोन आला. मला वाटलं, थंडी किती, स्वेटर किती, असं काही विचारतील. बाबा म्हणाले, "तारखा बघितल्या मी. फायनल मी तिथेच असताना येते. पूर्ण बघणार आहे, पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत. तिथे मला उठवायला कोण येतंय?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही या फक्त. बाकी माझ्यावर सोडा."

सोडा म्हणे! इथल्या प्रसारणाच्या भानगडी मला ठाऊक नव्हत्या असं नाही. इथे क्रिकेट म्हणजे काय, हेच मुळात कोणाला माहीत नाही. माझ्या टीमलीडरला वाटतं, बागेत टोपी घालून लाकडी चेंडू ढकलतात तेच ते. त्यामुळे हक्क कोणाकडे जातात, कुठे जातात, याचं कोणालाही सोयरसुतक नाही. एक वर्ष या ॲपकडे, पुढचं वर्ष त्या ॲपकडे. आपण आपले मागे धावायचं. बाबा सोलापूरचं ॲप फोनमध्ये घेऊन आले होते. फ्रँकफर्टला सामानाची वाट बघताना उघडलं, तर समोर पाटी, की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. बाबा मला म्हणाले, "अगं, माझ्या देशात आहे की उपलब्ध. मी फक्त इथे आलोय." मला हसू आलं.

तरी सुरुवात बरी झाली. एका जर्मन ॲपवर साखळी सामने दिसत होते. फुटबॉल, हँडबॉल, डार्ट असं सगळं ओलांडून तळाशी बोट नेलं की क्रिकेट सापडायचं. एका शनिवारी आपली मॅच होती. मी पोहे केले, बाबांना सोफ्याच्या मधोमध बसवलं, नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या. छान चाललं होतं. मग आपले भराभर गडी बाद व्हायला लागले. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेर येते तो सोफा रिकामा. मला वाटलं, बाथरूमला गेले असतील.

तेवढ्यात दाराची बेल. नुसती वाजली नाही, कोणीतरी दाबूनच धरली होती. दारात तिसरा मजला. म्हणजे आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजोबा, आम्ही घरात त्यांना तिसरा मजलाच म्हणतो. एकटे राहतात, पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि इमारतीतला प्रत्येक नियम त्यांना पाठ. आठवड्याला पाळीने जिना झाडायचा इथे रिवाज आहे, त्याला केअरवोखे म्हणतात. आमची पाळी असली की हे हमखास कठड्यावरून बोट फिरवून बघणार. आज त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तुमचे वडील बाहेर राहिले आहेत!" ते जवळजवळ ओरडलेच. "ते पायरीवर बसलेत! थंड दगडावर! तुम्ही त्यांना आत का घेत नाही?"

मी बाहेर धावले. बाबा खरंच जिन्यात बसले होते. चपला घातलेल्या, हात गुडघ्यांवर, मान थोडी दाराकडे कललेली.

"बाबा! तुम्हाला कोणी बाहेर पाठवलं?"

"कोणी नाही गं," बाबा म्हणाले. "चार विकेट गेल्या. म्हटलं, आपणच उठावं."

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! सोलापूर किती लांब, काका किती लांब, आणि हा माणूस आपणहून उठून जर्मनीच्या जिन्यात येऊन बसतो. मी बाबांवर ओरडले, तेही शेजाऱ्यासमोर. तिसरा मजला माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं, नाहीतर ही बाई म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढते असं इमारतभर झालं असतं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, एक खेळ आहे, आमची टीम हरायला लागली की वडिलांना वाटतं आपल्या बघण्यामुळे हरते, म्हणून ते बाहेर येऊन बसतात.

मला वाटलं, आता हा माणूस हसेल. पण ते हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "असं होय. मला समजतं. मी बेसबॉल बघतो."

बेसबॉल! नेकारसुल्ममध्ये! कळलं ते असं की तरुणपणी ते जवळच्या अमेरिकन छावणीत इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या पोरांनी त्यांना खेळ शिकवला आणि एक टीम गळ्यात बांधली. छावणी गेली, पोरं गेली, टीम राहिली. त्यानंतर बाबा आणि ते जिन्यात भेटले की "गुटन मॉर्गन" म्हणायचे आणि दोघंही थोडा वेळ उगाच उभे राहायचे. आमची केअरवोखे बाबांनीच केली. पायऱ्या अशा पुसल्या की तिसऱ्या मजल्याने कठड्याला बोटसुद्धा लावलं नाही.

मी मात्र मनाशी पक्कं ठरवलं होतं. फायनलला बाबांना उठू द्यायचं नाही. हात धरून बसवीन, दाराला कुलूप लावीन, पण हा माणूस शेवटचा बॉल बघणार म्हणजे बघणारच.

आणि सेमीफायनलला ॲप उघडलं तर क्रिकेट गायब. एक निळी चौकट होती, "बाद फेरीचे सामने आता केवळ आमच्या भागीदाराकडे." केवळ! मी ती ओळ तीनदा वाचली. अर्धी स्पर्धा एकाला आणि अर्धी दुसऱ्याला विकतात, म्हणजे आधी सवय लावायची आणि ऐन वेळी ताट ओढून घ्यायचं. सेमीफायनल आम्ही फोनवर नुसते आकडे बदलताना बघत काढली. आपण जिंकलो. बाबा म्हणाले, "बघ, मला दिसत नव्हतं, म्हणून जिंकलो." ते हसत म्हणाले, पण मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी त्या भागीदार कंपनीला फोन लावला. बाई अगदी गोड बोलत होत्या. ॲप नाही म्हणाल्या, आमचा डबा घ्यावा लागतो, टीव्हीला जोडायचा. मी म्हटलं, द्या, आज देता? त्या म्हणाल्या, डबा देऊ, पण जोडणार आमचाच टेक्निकर, आणि त्याची पहिली रिकामी वेळ, टेर्मिन, फायनलनंतरच्या आठवड्यात आहे. मी म्हटलं, मी आख्ख्या गाडीच्या वायरी जोडते, तुमचा एक डबा मला जोडता येणार नाही? त्या म्हणाल्या, तसं करारात बसत नाही. मी कॅन्टीनमध्ये एवढ्या मोठ्याने "करारात" म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

नवऱ्याचं डोकं शांत. तो म्हणाला, कायझर्सलाउटर्नला माझा मित्र आहे ना, तिथे मराठी मुलं युनिव्हर्सिटीजवळ हॉल घेऊन मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, आपण गाडीने जाऊ. मी लगेच मेथीचे पराठे किती लागतील ते मोजायला लागले. बाबाही खूश झाले. मग जरा थांबून म्हणाले, "तिथे फार गर्दी नसेल ना? नाही, म्हणजे मध्ये उठावं लागलं तर लोकांना त्रास नको." मी पराठ्याचं पीठ तसंच टाकून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

शुक्रवारी त्या मित्राचा मेसेज आला, कार्यक्रम रद्द. कंपनीकडून हॉलवाल्यांना ताकीद आली होती, आमच्या परवानगीशिवाय चार लोक जमवून दाखवायचं नाही. स्वतः दाखवणार नाही आणि दुसऱ्याला दाखवू देणार नाही! इथे कोणाच्या पोटावर पाय पडत होता, मला सांगा? मी घरभर येरझारा घालत होते. नवरा म्हणाला, "खाली बस जरा." मी म्हटलं, "तू आधी काहीतरी कर." बाबा म्हणाले, "अगं, जाऊ दे. हायलाइट्स बघू की." आयुष्यभर हायलाइट्सच बघितल्यात या माणसाने! मला रडायलाच आलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जाऊ दे म्हणू नका. तुमचं हे जाऊ दे ऐकून ऐकून मी मोठी झालेय."

शनिवारी सकाळी तिसरा मजला परत दारात. इमारतीत कोणाचंही काही अडलं की लोक नवऱ्याकडे येतात, भारतीय आहे म्हणजे कॉम्प्युटर येणारच अशी सगळ्यांची खात्री. त्यांच्या टीव्हीचा पासवर्ड चालत नव्हता. नवरा वर गेला आणि पाच मिनिटांत दोन दोन पायऱ्या उड्या मारत खाली आला. हा माणूस एरवी बस सुटत असली तरी पळत नाही.

"वर डबा आहे," तो म्हणाला.

"कसला डबा?"

"तोच! त्यांची बेसबॉलची टीम त्याच कंपनीने उचललीय. यादीत खाली क्रिकेट आहे. उद्याची फायनल आहे."

मी ओल्या हातानेच जिन्याकडे निघाले. नवरा म्हणाला, "अगं, रविवारी यांच्याकडे असं आपणहून जात नाहीत, चार आठवडे आधी विचारतात." मी म्हटलं, "मी आत्ता विचारते." शंकरपाळ्यांचा डबा उचलला आणि वर गेले.

तिसऱ्या मजल्याने माझं ऐकण्याआधी स्वतःचंच सुरू केलं. अर्धा तास त्यांचा तोफखाना चालू होता. म्हणाले, माझी टीम एक, पण मंगळवारचा सामना एकाकडे, शुक्रवारचा दुसऱ्याकडे, आणि रविवारचा, जो इथे संध्याकाळी जागेपणी बघता येतो, तो नेमका या डबेवाल्यांनी स्वतःकडे ठेवला. रविवारच्या एका सामन्यासाठी मी हे घरात घेतलं. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत होते आणि अगदी मनापासून म्हणत होते. माझ्यासारखं चिडलेलं माणूस दोन मजले वर राहत होतं आणि मला पत्ता नव्हता. शेवटी मी बाबांचं सांगितलं. ही फायनल, आयुष्यातली पहिली, सगळं.

ते शंकरपाळं चावत म्हणाले, "या. पण सातपर्यंत. सात वाजता माझा सामना. डब्यावर एका वेळी एकच दिसतं."

मॅच साडेतीनला सुरू होणार होती. सातपर्यंत संपायला हवी. हवी म्हणजे, पाऊस आला नाही, कोणी जखमी झालं नाही, कॅप्टनांनी फिल्डिंग लावताना वेळ काढला नाही तर. मी रात्रभर हाच हिशोब करत होते.

रविवारी आम्ही तिघं वर गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिसऱ्या मजल्याने त्यांना स्वतःची हातांची खुर्ची दिली आणि स्वतः बाजूच्या साध्या खुर्चीत बसले. टेबलावर कॉफी, रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक, आणि मी केलेले बटाटेवडे. पहिला बॉल पडला आणि यजमानांचे प्रश्न सुरू झाले. हा फेकायला एवढ्या लांबून धावत का येतो? मी जर्मनमधून मराठीत आणि मराठीतून जर्मनमध्ये करत होते. मग समोरच्यांचा एक गडी बाद झाला.

"हा परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"येणार नाही," बाबा म्हणाले.

"कधीच नाही? एक चूक आणि संपलं?"

"संपलं."

तिसरा मजला हादरलेच. त्यांच्या खेळात म्हणे बाद झालेला परत फिरून येतो. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "फार कठोर." बाबांना ते फार आवडलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, काय म्हणाले ते.

मला मात्र काही गोड लागत नव्हतं. एक डोळा मॅचवर, एक भिंतीवरच्या घड्याळावर आणि कान बाबांच्या खुर्चीकडे. समोरची टीम आधी खेळून बऱ्यापैकी धावा करून गेली. आपला डाव सुरू होताच ढग आले आणि खेळ थांबला. मैदानावर आवरणं अंथरली. मी नखं कुरतडायला लागले. नवरा कुजबुजला, "तू थांबव ते." मी म्हटलं, "तू पाऊस थांबव."

खेळ परत सुरू झाला तेव्हा गणित कोलमडलेलं होतं. सात वाजायला आले आणि अजून चार ओव्हर बाकी. मॅच अशी रंगली होती की कुठेही झुकावी. तिसऱ्या मजल्याने घड्याळाकडे पाहिलं, मग रिमोटकडे. मी भांडायच्या तयारीत होते. काय बोलायचं ते जर्मनमध्ये मनात जुळवूनही झालं होतं. त्यांनी रिमोट उचलला आणि तो केकच्या ताटलीपलीकडे सरकवून ठेवला.

"बेसबॉलमध्ये पहिल्या डावात कोणी धावा करत नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात आपली विकेट पडली. जमलेला फलंदाज गेला. आणि मी ज्याला घाबरत होते ते झालं. बाबा उठले. चष्मा सावरला, वड्याचा हात रुमालाला पुसला आणि दाराकडे निघाले. मी "बाबा" म्हणेपर्यंत तिसऱ्या मजल्याने बसल्या बसल्या त्यांचं मनगट धरलं.

"सिट्सन ब्लायबन!" ते ओरडले. बसा जागेवर!

बाबा दचकले. मी पण. ते मला भराभर सांगायला लागले, की छावणीतल्या पोरांचा नियम होता. सामना अटीतटीला आला की जो जिथे बसलाय तिथेच बसायचं. कोणी जागा सोडली की टीम हरते. ते स्वतः एकदा पाणी प्यायला उठले होते, आणि पोरं आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. हे सांगताना त्यांचा हात बाबांच्या मनगटावर घट्ट होता.

मी बाबांना सांगितलं, "हे म्हणतात, तुम्ही उठलात तर हरणार."

बाबा म्हणाले, "आणि मी बसलो तर हरणार त्याचं काय?"

आता काय बोलावं! एकाचं खरं मानावं तर दुसरा खोटा. मग मला सुचलं ते मी बोलून टाकलं. "बाबा, घर त्यांचं आहे. यांच्या घरात यांचा नियम."

बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिसऱ्या मजल्याकडे. दुसऱ्याच्या घरी त्याच्या मर्जीबाहेर वागायचं नाही, हे बाबांच्या हाडीमाशी भिनलेलं. ते परत खुर्चीत बसले. अगदी काठावर बसले, पण बसले.

शेवटची ओव्हर. शेवटच्या बॉलवर पाच धावा हव्या होत्या, म्हणजे षटकारच. बाबांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि डोळे उघडे होते. मी मॅच बघतच नव्हते, मी त्यांच्याकडे बघत होते. बॅटचा आवाज आला. बाबांची मान वर गेली, वर, आणखी वर, मग एकदम थांबली.

सीमारेषेवर फिल्डरने उलटं धावत, पाठीमागे झुकून, एका हाताने झेल घेतला होता. हरलो.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. बाबांचे हात अजून तोंडावर. आता हे म्हणणार, माझ्यामुळे झालं, आणि मी काय सांगणार? मी सांगितलं असतं ते त्यांना पटलं असतं का? मीच ना त्यांना बसवलं होतं. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

आणि तिसरा मजला उभे राहिले. "ओने हांडशू!" ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले. हातमोजा न घालता! त्यांच्या खेळात झेलायला भला मोठा चामडी हातमोजा असतो, आणि या पोराने उघड्या हाताने उचलला होता तो. ते मला परत परत विचारत होते, खरंच उघडा हात? नेहमी उघडाच? मी बाबांना सांगितलं. बाबांनी हात खाली घेतले.

"हो की," बाबा हळूच म्हणाले. "काय घेतला त्याने. मागे बघितलंसुद्धा नाही."

त्यांचा फोन वाजला. काका. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी घाईने पुढे झाले, म्हटलं मीच घेते, पण बाबांनी माझा हात बाजूला केला. तिसऱ्या मजल्याने आपला बेसबॉलचा सामना लावला आणि आवाज पूर्ण बंद करून टाकला.

"बघितलीस का रे?" काकांनी विचारलं.

"हो दादा," बाबा म्हणाले. "पूर्ण बघितली. शेवटच्या बॉलपर्यंत. उठलो नाही मी."

मी ओठ घट्ट मिटून उभी होते. काकांनी एक शब्द वेडावाकडा काढला असता तर मी तो फोन हिसकावून घेतला असता, थोरले असोत नाहीतर कोणी.

"मग सांग ना," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक. "कसा घेतला कॅच? मला दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे? लाइट गेले का?"

"नाही रे. मी जिन्यात आहे. तू नाहीस ना इथे. सेमीफायनलला मी बाथरूमला गेलो आणि तेवढ्यात त्यांच्या दोन विकेट पडल्या, तेव्हापासून पोरांनी माझंच नाव धरलंय. आज निम्म्या डावापासून बाहेर बसवलं. मॅच संपली तरी आत बोलवायला कोणी आलं नाही अजून."

नवरा माझ्याकडे बघून तोंड दाबून हसायला लागला. मीही हसणार होते. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती म्हणा ना. पण बाबा हसले नाहीत. ते फोनकडे बघत राहिले.

"डास चावतायत का?" त्यांनी विचारलं.

"चावतायत की."

"कठड्याजवळ असतात ते. तू खालून तिसऱ्या पायरीवर बस, तिथे वारा येतो." पलीकडून काकांच्या उठण्याचा, कण्हण्याचा, परत बसण्याचा आवाज आला. बाबा तोवर थांबले. मग खुर्चीत मागे टेकून नीट बसले आणि म्हणाले, "हं. आता ऐक. फिल्डर आधी सीमारेषेच्या बराच पुढे उभा होता..."

बाबा बराच वेळ सांगत होते. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत.